चालता चालता प्रार्थना: मुंबईत नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

प्रार्थनेला बसलं की पाच मिनिटांत डुलकी लागते, नाहीतर मिटल्या डोळ्यांआड ऑफिसची आणि घरची कामं रांग लावून उभी राहतात. असं होत असेल तर चालून प्रार्थना करून बघा. त्यासाठी डोंगर, आश्रम किंवा शांत बाग लागत नाही. स्टेशन ते घर हा रोजचा पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता पुरतो. मात्र ‘चालताना मनात देवाचं नाव घेतो’ एवढ्यावर सोडलं तर आठवड्याभरात सवय मोडते. रस्ता कोणता, शब्द कोणते, थांबायचं कुठे, हे घरातून निघण्याआधी ठरलेलं असावं लागतं. खाली दिलेलं बहुतेक सगळं कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनाही जमेल. जपमाळेचा भाग ज्यांना नको त्यांनी तो सोडून पुढे जावं.

हे नवं खूळ नाही. उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात हनोख देवाबरोबर चालला असं लिहिलं आहे. स्तोत्रसंहितेतली 120 ते 134 ही पंधरा स्तोत्रं यरुशलेमला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची मानली जातात. लूकच्या चोविसाव्या अध्यायात दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊसला निघालेत, अंतर साधारण अकरा किलोमीटर, आणि येशू त्यांच्याबरोबर चालत असूनही ते त्याला ओळखत नाहीत. मराठी माणसाला तर पायी भक्ती समजावून सांगायची गरजच नाही. नारायण वामन टिळकांनी (1861–1919) ख्रिस्तावर अभंगांच्या चालीची भजनं लिहिली ती याच मातीतून आली.

पण बायबलमध्येच एक इशाराही आहे आणि नवख्यांनी तो आधी वाचावा. मत्तय 6 मध्ये येशू म्हणतो की लोकांना दिसावं म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यांवर उभे राहून प्रार्थना करू नका. तुम्ही तर रस्त्यावरच प्रार्थना करणार आहात! म्हणून पहिला नियम: शेजारून जाणाऱ्याला काही कळता कामा नये. आवाज नाही, हात जोडणं नाही, गळ्याबाहेर काढलेली माळ नाही, आणि नंतर व्हॉट्सॲपवर ‘आज चालत प्रार्थना केली’ असा स्टेटसही नाही.

रस्ता

एकच रस्ता निवडा आणि निदान महिनाभर तोच ठेवा. नवखे लोक रोज नवी जागा शोधतात आणि मग सगळं लक्ष जागेतच जातं. ओळखीच्या रस्त्यावर कुठे फूटपाथ तुटलाय, कुठे भाजीवाला बसतो, कुठे कुत्री झोपतात हे पायांना माहीत असतं. मन त्यामुळे मोकळं राहतं.

रस्ता निवडताना तीन गोष्टी बघा. मोठं क्रॉसिंग शक्यतो एकच असावं, दोनपेक्षा जास्त तर नकोतच, कारण प्रत्येक क्रॉसिंगला प्रार्थना तोडावी लागते. फूटपाथ सलग असावा. आणि फेरी मारून जिथून निघालो तिथेच परत येता यावं, म्हणजे ‘आता परत कसं जायचं’ हा विचार येत नाही. दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास भरते. वीस मिनिटांच्या प्रार्थनेला ती नेमकी पुरते. मरीन ड्राइव्ह, कार्टर रोड, वांद्र्याचं बँडस्टँड चांगलं आहे, पण संध्याकाळी सहानंतर तिथे इतकी गर्दी होते की पावलागणिक कुणाला तरी वाट द्यावी लागते. तिथे जायचं तर सकाळी सातच्या आत. फोर्टमध्ये नोकरी असेल तर दुपारच्या सुट्टीत हॉर्निमन सर्कलच्या बागेभोवती चाला. शेजारीच सेंट थॉमस कथीड्रल आहे. 1718 मध्ये उपासनेसाठी खुलं झालेल्या या चर्चमध्ये चालून झाल्यावर पाच मिनिटं बसता येतं.

यातलं काहीच जवळ नसेल तर सोसायटीचं आवार किंवा इमारतीची गच्ची घ्या. पन्नास पावलं जायचं, वळायचं, पन्नास यायचं. कंटाळवाणं वाटेल, पण शब्द सर्वांत लवकर अंगवळणी पडतात ते गच्चीवरच, कारण तिथे बघायला काही नसतं.

चाल

व्यायामाची चाल आणि प्रार्थनेची चाल वेगळी ठेवा. झपझप चालणारा माणूस ताशी पाच-सहा किलोमीटर जातो. प्रार्थनेला तीन ते चार पुरे, म्हणजे मिनिटाला नव्वद-शंभर पावलं. ओळख सोपी आहे: नाकाने श्वास घेत चालता आलं पाहिजे. तोंड उघडून श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. ‘चालतोच आहे तर दहा हजार पावलंही होऊ देत’ हा मोह आवरा. घड्याळावर पावलं मोजायला लागलं की प्रार्थनेचाही हिशेब सुरू होतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल तर ते चालणं वेगळ्या वेळी करा.

फार हळूही नको. मुंबईच्या फूटपाथवर रेंगाळणारा माणूस मागच्यांच्या वाटेत येतो, आणि मग प्रार्थनेपेक्षा मागून येणारं ‘ओ, जरा सरका’ जास्त ऐकू येतं.

डोळे उघडे, नजर आठ-दहा पावलं पुढे जमिनीवर. हात मोकळे, निदान एक तरी. बॅग खांद्यावर एका बाजूला लटकत असेल तर चाल तिरकी होते आणि अर्ध्या तासात मान धरते. सॅक दोन्ही खांद्यांवर घ्या. फोन फ्लाइट मोडवर टाकून आत ठेवा. इअरफोन नकोत. रेकॉर्ड केलेली प्रार्थना ऐकत चालणं म्हणजे ऐकणं झालं, प्रार्थना करणं नव्हे. शिवाय मागून येणाऱ्या दुचाकीचा आवाज कानापर्यंत पोचत नाही.

शब्द

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश सांगतो.

लांब प्रार्थना पाठ असल्या तरी चालताना निसटतात. सुरुवातीला एक छोटं वाक्य घ्या आणि त्याचे दोन तुकडे करा, एक श्वास घेताना, एक सोडताना. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत शतकानुशतकं चालत आलेली ‘येशूची प्रार्थना’ नवख्यांसाठी सर्वांत सोयीची. लूक 18 मधल्या जकातदाराची विनवणी तिच्या मुळाशी आहे. मराठीत ती अशी बसवता येते:

श्वास घेताना: प्रभू येशू ख्रिस्ता
श्वास सोडताना: माझ्यावर दया कर

म्हणून बघा. दोन्ही तुकडे तीन-तीन पावलांत बसतात: प्रभू (डावं), येशू (उजवं), ख्रिस्ता (डावं), माझ्या- (उजवं), -वर दया (डावं), कर (उजवं). सहा पावलांत एक प्रार्थना, मिनिटाला साधारण पंधरा-सोळा. दम लागला, जिना आला, चढ आला की तीनऐवजी दोन पावलांचा हिशेब करा, पण शब्द घाईने उरकू नका. श्वास शब्दांसाठी ताणायचाही नाही. मोजून-मापून खोल श्वास घेत राहिलं की गरगरतं, आणि लोकांना वाटतं ‘काहीतरी आध्यात्मिक होतंय’. तसं काही नसतं, श्वास प्रमाणाबाहेर घेतला गेलेला असतो. थांबा, भिंतीला टेका, दोन मिनिटं साधं चाला आणि मग शब्द श्वासाच्या मागे येऊ द्या.

दया मागण्याचे शब्द रोज जड वाटत असतील तर स्तोत्रातली एक ओळ घ्या. तेविसाव्या स्तोत्राची पहिलीच ओळ, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’, मधल्या स्वल्पविरामाशी आपोआप दोन भाग होते. हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा लांब आहे, म्हणून श्वास सोडताना एक पाऊल जास्त द्या. ओळ निवडताना ती मोठ्याने म्हणत चालून बघा, घरातल्या घरात. जी जिभेवर अडखळते ती रस्त्यावर टिकत नाही.

‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूची प्रार्थना पूर्ण म्हणायची असेल तर संथ लयीत तिला तीस-चाळीस सेकंद लागतात, म्हणजे पन्नास-साठ पावलं. दोन विजेच्या खांबांमधलं अंतर कधी एका प्रार्थनेएवढं निघतं, कधी दोन. तुमच्या रस्त्यावर मोजून ठेवा. पुढे याचा उपयोग होतो.

आणि गाणं? सोसायटीच्या गच्चीवर, चर्चच्या आवारात, चार जणांबरोबर जरूर. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि शेवटचा चार अक्षरांचा असतो. हा ठेका चालणाऱ्यांच्या पायांनीच घडवला आहे असं वाटावं इतका तो पावलाला लागू पडतो. गिरगाव, भायखळ्यासारख्या भागांतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये अशी भजनं लोकांना पाठ असतात. एखाद्या जुन्या सभासदाकडून चाल उचलून घ्या.

पहिल्या दिवसाची वीस मिनिटं

1. निघण्याच्या जागी दोन मिनिटं उभे राहा. काही म्हणायचं नाही. पाय जमिनीला कुठे टेकलेत, बूट कुठे चावतोय, खांदे किती वर ओढलेत ते बघा. मनात एकच वाक्य: ‘प्रभू, ही वीस मिनिटं तुझी.’

2. पहिली पाच मिनिटं नुसतं चाला. शब्द अजून सुरू करायचे नाहीत. डोक्यातली कामं या पाच मिनिटांत येऊन जाऊ द्या. एखादं खरंच महत्त्वाचं असेल तर थांबून खिशातल्या कागदावर दोन शब्द लिहा आणि सोडून द्या. हा टप्पा लोक सर्वांत जास्त गाळतात. मग दहाव्या मिनिटाला प्रार्थनेच्या मधोमध गॅस सिलिंडर बुक करायचा आठवतो.

3. पुढची दहा मिनिटं ठरवलेलं वाक्य श्वासावर. मन भरकटलं हे लक्षात येईल. भरकटणारच. स्वतःवर रागवत बसू नका, पुढच्या खांबापाशी परत शब्दावर या. खांब हा तुमचा ठरलेला परतीचा बिंदू. ‘आत्ता लगेच’ परत येण्यापेक्षा ‘पुढच्या खांबाला’ परत येणं सोपं जातं, कारण पाय तिथे तसेही पोचणार असतात.

4. शेवटची तीन मिनिटं शब्द थांबवा. वाटेत दिसलेल्या एका गोष्टीबद्दल आभार मानून थांबा. एकच गोष्ट, यादी नको.

पहिल्या आठवड्यात हे तीन दिवस करा, रोज नको. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाच दिवस. महिन्यानंतर एखाद्या रविवारी उपासनेनंतर किंवा मिस्सा झाल्यावर चाळीस मिनिटं. त्याहून भरभर वाढवलेलं तिसऱ्या आठवड्यात बंद पडतं. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास कंटाळा येतोच. तेव्हा वाक्य बदलू नका, वेळ कमी करा. दहा मिनिटं चालतील.

संध्याकाळी स्टेशनवरून घरी

सकाळ जमत नसेल तर परतीचा रस्ता आत्मपरीक्षणासाठी वापरा. सोळाव्या शतकातल्या संत इग्नाती लोयोलांनी ही पद्धत घालून दिली आणि येशूसंघाचे (जेझुइट) फादर अजून ती शिकवतात. पाच पायऱ्या आहेत आणि रस्त्याचेही पाच तुकडे पाडता येतात. स्टेशनच्या जिन्यापासून रिक्षा स्टँडपर्यंत आजच्या दिवसाबद्दल आभार. तिथून सिग्नलपर्यंत ‘मला खरं दिसू दे’ अशी विनंती. मग सर्वांत लांब तुकड्यात दिवस सकाळपासून उलगडायचा: कुणाशी कसं बोललो, कुठे मन हलकं झालं, कुठे जड. गल्लीच्या तोंडाशी जे चुकलं त्याची क्षमा. इमारतीच्या फाटकापासून दारापर्यंत उद्याच्या एका कामासाठी मदत. लिफ्टमध्ये मोबाईल काढू नका, नाहीतर पाचवा तुकडा रोजच राहून जातो.

जपमाळ चालताना

जपमाळेला 59 मणी असतात: 53 नमो मरियेचे, 6 प्रभूच्या प्रार्थनेचे. पाच दशकं (एक दशक म्हणजे दहा नमो मरियेंचा गट) पूर्ण करायला पंधरा ते वीस मिनिटं लागतात, म्हणजे साधारण एक किलोमीटर. प्रत्येक दशकाला येशू आणि मरियेच्या जीवनातला एक प्रसंग मनात धरायचा, त्याला रहस्य म्हणतात. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. ही शेवटची पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये जोडली.

माळ हातात लोंबकळत ठेवू नका. ती बॅगेच्या चेनमध्ये, दुसऱ्याच्या छत्रीत अडकते आणि तुटते. पॅंटच्या किंवा कुर्त्याच्या खिशात ठेवून आतल्या आत मणी सरकवा. साडी नेसणाऱ्यांना आणि गर्दीत चालणाऱ्यांना दहा उंचवट्यांची अंगठी जास्त सोयीची. चर्चबाहेरच्या मेणबत्तीच्या दुकानांत ती मिळते. रस्ता ओलांडताना मणी अंगठा आणि तर्जनीत धरून ठेवा, प्रार्थना थांबवा, पलीकडे गेल्यावर तोच मणी पुन्हा. मोजणी चुकली तर पहिल्यापासून सुरू करू नका. दहाच्या जागी अकरा झाल्या तर काही बिघडत नाही.

नेहमीचा रस्ता पाच तुकड्यांत वाटा आणि प्रत्येक रहस्य एका तुकड्याला द्या. दोन-तीन आठवड्यांनी तो कोपरा दिसला की ते रहस्य आपोआप आठवतं. हा फायदा बसून जपमाळ करताना मिळत नाही.

मुंबईत यासाठी एक सोय आहे जिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही: रस्त्याकडेचे क्रूस. वांद्र्याच्या रणवार, चुईम, पालीसारख्या जुन्या गावठाणांत, माझगावच्या माथारपाखाडीत, गिरगावच्या खोताच्या वाडीत कोपऱ्याकोपऱ्यावर दगडी किंवा चुन्याचे क्रूस उभे आहेत. त्यांतले बरेचसे 1896 नंतरच्या प्लेगच्या साथीत, वस्ती वाचावी म्हणून लोकांनी उभारले. दर क्रुसापाशी एक दशक संपवायचं, क्षणभर थांबायचं, पुढे. काही क्रूस खाजगी अंगणात आहेत, फाटक उघडून आत जाऊ नका. मेणबत्ती जिथे तिच्यासाठी जागा केलेली आहे तिथेच लावा. गावठाणातल्या गल्ल्या अरुंद आहेत आणि घरांच्या खिडक्या थेट रस्त्यावर उघडतात, म्हणून घोळक्याने थांबून फोटो काढणं टाळा. लोक तिथे राहतात.

क्रुसाची वाट

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या मरणाच्या वाटेवरचे प्रसंग आठवत केलेली प्रार्थना, होते तेव्हा बहुतेक वेळा फादर चालतात आणि लोक जागीच वळतात. स्वतः चालून करायची तर चौदा थांबे हवेत. अनेक चर्चच्या आवारात ते बाहेर भिंतीलगत असतात. नसतील तर तुमच्या रस्त्यावरचे चौदा खांब किंवा झाडं धरा, एकमेकांपासून साठ-सत्तर मीटरवर. एकूण किलोमीटरभर आणि साधारण पंचवीस मिनिटं.

चौदा थांबे असे: मरणदंड, क्रूस खांद्यावर, पहिल्यांदा पडणं, आईची भेट, कुरेनेकर शिमोन, वेरोनिका, दुसऱ्यांदा पडणं, यरुशलेमच्या स्त्रिया, तिसऱ्यांदा पडणं, वस्त्रं काढणं, खिळे, मरण, क्रुसावरून उतरवणं, कबर. तीन, सात आणि नऊ हे पडण्याचे थांबे लक्षात ठेवले की बाकीचे त्यांच्या मधे बसतात. वेरोनिका आणि तीन वेळा पडणं शुभवर्तमानांत नाही. प्रोटेस्टंट वाचकांना अडचण वाटत असेल तर त्या जागी मार्क 14 आणि 15 मधले प्रसंग क्रमाने घ्यावेत: गेथशेमाने, पेत्राचा नकार, पिलातासमोर.

थांब्यावर काय करायचं? तीस सेकंद उभं राहणं, प्रसंगाचं नाव मनात, एक वाक्य. मग पुढच्या थांब्यापर्यंत बोलणं नाही, अगदी प्रार्थनाही नाही, नुसतं चालणं. चौदा ठिकाणी लांब मनन वाचत बसलं की पाचव्या थांब्याला लोक घड्याळ बघायला लागतात. रस्त्यावर गुडघे टेकू नका. मान खाली झुकवली तरी पुरे.

गटाने, मोठा क्रूस घेऊन किंवा माईक लावून सार्वजनिक रस्त्यावरून करायची असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याची परवानगी लागते. ती धर्मग्रामाने (पॅरिशने) किंवा मंडळीने आधी घ्यावी, चार तरुणांनी परस्पर ठरवू नये.

वस्तीसाठी चालताना

काही मंडळ्या आपल्या भागातल्या रस्त्यांवरून मध्यस्थीची प्रार्थना करत चालतात: ही शाळा, हा दवाखाना, ही बंद पडलेली गिरणी, इथले लोक. पद्धत चांगली आहे आणि सर्वांत नाजूकही. दोघं किंवा तिघं, त्याहून जास्त नको. शांतपणे. पत्रकं वाटायची नाहीत, कुणाच्या दाराकडे हात करायचा नाही, दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळासमोर घोळका करून थांबायचं नाही. प्रार्थना ‘या लोकांना बदल’ अशी नसावी. ‘यांच्या घरात आज पाणी येऊ दे, या मुलाचा ताप उतरू दे’ अशी असावी. नेमकं मागायचं तर नेमकं बघावं लागतं: कोणत्या चाळीचं काम अर्धवट पडलंय, कुठल्या दुकानाचं शटर महिनाभर खाली आहे. दोन-तीन फेऱ्यांनंतर काही ठिकाणी प्रार्थनेपेक्षा हाताने मदत करणं जास्त योग्य आहे हे कळतं. ते करा.

ऊन, पाऊस, पाय

मार्च ते मे सकाळी साडेसातनंतर चालू नका. तासाभराच्या चालीला अर्धा लिटर पाणी. घाम येतो तेवढा वाऱ्याने सुकत नाही, म्हणून मीठ-साखरेचं पाणी जास्त बरं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालायचं नाही, प्रार्थनेसाठीही नाही. लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे, विशेषतः पायाला जखम असेल तर. नाइलाजाने पाण्यातून यावं लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. जून ते सप्टेंबर गच्ची, जिना, लांब व्हरांडा वापरा. पहाटे अंधारात, विशेषतः एकट्या बाईने, निर्मनुष्य रस्ता निवडू नये. दूधवाले आणि पेपरवाले जिथे फिरतात तो रस्ता बरा.

अनवाणी चालण्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. नवस म्हणून अनेक जण चालतात, पण चर्च तशी अट घालत नाही. दुपारचं डांबर तळवे भाजतं, आणि काच, खिळे, खडी सगळीकडे. मधुमेह असेल तर अजिबात नको, पायाला जखम झालेली कळतही नाही. नवस बोलून बसला असाल तर फादरांशी बोला, त्याच्या बदल्यात दुसरं काही सुचवता येतं. आणि ज्यांना चालताच येत नाही त्यांनी पलंगावर बसून बोटांनी पावलं मोजावीत. ती प्रार्थना उणी नाही.

पहिला मोठा पल्ला: माहीम ते मोत माउली

दोन-तीन महिने छोटा रस्ता जमला की हा घ्या. माहीमच्या सेंट मायकल चर्चपासून वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चपर्यंत, म्हणजे मोत माउलीपर्यंत, अंतर चार किलोमीटरच्या आसपास आहे. प्रार्थनेच्या चालीने, थांबे धरून, दीड तास.

माहीम चर्चमध्ये पाच मिनिटं बसून निघा. बुधवारी नको: 1948 पासून दर बुधवारी तिथे नोव्हेना (नऊ वेळा करायची खास प्रार्थना) असते, वेगवेगळ्या भाषांत दिवसभर चालते आणि बाहेर पाऊल ठेवायला जागा नसते. अर्थात नोव्हेनासाठीच गेलात तर गोष्ट वेगळी. कॉजवेवर वाहनांचा आवाज आणि ओहोटीला खाडीचा वास दोन्ही असतं, म्हणून तिथे नुसतं चाला, हाच तुमचा पाच मिनिटांचा पहिला टप्पा समजा. एस. व्ही. रोडवर क्रॉसिंग जास्त आहेत, तिथे ‘येशूची प्रार्थना’ तेवढी ठेवा, ती तुटली तरी जोडता येते. हिल रोडला वळल्यावर जपमाळ किंवा स्तोत्र सुरू करा. खरेदीची गर्दी नऊ-दहानंतर वाढते, त्याआधी हा टप्पा पार व्हायला हवा. वाटेत सेंट पीटर्स चर्चपाशी पहिला थांबा. पुढे सेंट अँड्र्यूज, 1575 पासूनचं चर्च, तिथे आवारात दहा मिनिटं बसा आणि पाणी प्या. इथून चढ लागतो. चढावर 121वं स्तोत्र आणि दोन पावलांचा श्वास. वर पोचल्यावर लगेच मेणबत्तीच्या रांगेत घुसू नका. आधी घाम पुसा, श्वास ठिकाणावर येऊ द्या, मग आत.

सप्टेंबरमध्ये माउंट मेरीच्या जत्रेला चालत जायचं असेल तर तारीख नीट बघा. मरियेचा जन्मदिन 8 सप्टेंबर, आणि माउंट मेरीचा सण 8 तारीख रविवारी आली तर त्या दिवशी, नाहीतर त्यापुढच्या रविवारी. जत्रा तिथून आठवडाभर. दोन्ही रविवारी टेकडीवर चालणं म्हणजे ढकललं जाणं. नवख्यांनी मधल्या दिवशी पहाटे पहिल्या मिस्सेच्या वेळेला पोचावं, किंवा त्याआधीच्या नऊ दिवसांच्या नोव्हेनात जावं. छत्री न्याच, सप्टेंबर आहे. चप्पल मागे पट्टा असलेली. पैसे आणि फोन पुढच्या खिशात. परत मात्र चालत येऊ नका, उतारावर थकलेले गुडघे दुखतात. जत्रेच्या दिवसांत बेस्ट वांद्रे स्टेशनसाठी जादा बस सोडते.